स्क्वेअर फुटाला काय पडेल?

घर बांधायला निघालेला माणूस ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारतो तो हाच. नकाशा अजून आर्किटेक्टच्या टेबलावर असतो, किती खाली गेल्यावर हार्ड मुरूम लागेल हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी उत्तर द्यावं लागतं. आपण नाही दिलं तर पलीकडचा ठेकेदार देतो. मग एक आकडा तोंडातून जातो आणि पुढचं वर्षभर तो मानगुटीवर बसतो. बाल्कनी धरली होती का, पाण्याची टाकी त्यात आली का, कंपाउंडची भिंत कुणाच्या खर्चात, हे वाद त्या आकड्याच्या पोटातूनच निघतात.

अंदाजपत्रकाची सॉफ्टवेअरं विकणारे नेमकं या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात. लॅपटॉप उघडतात, एका देखण्या बंगल्याचा नकाशा पडद्यावर आणतात, चार ठिकाणी क्लिक करतात आणि मिनिटभरात सिमेंटच्या गोण्या, स्टीलचं वजन, विटांची संख्या आणि तळाशी ठळक अक्षरांत एकूण रक्कम. बघणारा हरखतो. त्या बंगल्याचे चारही कोपरे काटकोनात असतात, जिना सरळ असतो आणि घरमालकाने स्वयंपाकघराची भिंत दोनदा हलवलेली नसते, हे घरी गेल्यावर लक्षात येतं.

हा आढावा अशा फर्मसाठी आहे जिथे एका वेळी दोन ते पाच साइट चालतात. भाव मालक स्वतः ठरवतो, डिप्लोमा झालेली एक-दोन मुलं साइट बघतात, हिशेबाला टॅली आणि आठवड्यातून दोनदा येणारा अकाउंटंट. बाजारात नावं इतकी आहेत की वाचूनच दमायला होतं, पण प्रकार पाहिले तर मोजकेच: एक्सेलसारखं वर्कशीट, दरसूचीवर उभी केलेली देशी सॉफ्टवेअरं, नकाशावरून मोजमाप काढणारी, त्रिमितीय मॉडेलवर चालणारी, आणि खरेदीपासून बिलापर्यंत सगळं पोटात घेणारी ईआरपी. यातलं कोणतं चांगलं, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. आपण कसली कामं घेतो, यावर उत्तर इतकं बदलतं की एकाला लाखमोलाचं वाटणारं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कपाटात पडून राहतं.

सार्वजनिक बांधकाम विभागाची छोटी कामं करणाऱ्याला बी-वन आणि बी-टू यांतला फरक सांगायला नको. बी-वनमध्ये परिमाणं खात्याने काढलेली, दर खात्याने धरलेले. ठेकेदाराने फक्त किती टक्के वर किंवा किती टक्के बिलो एवढंच भरायचं. अशा माणसाने नकाशावरून मोजणारं महागडं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे पाटाच्या पाण्यावर शेती असताना बोअरची मोटर आणण्यासारखं आहे. त्याला कळायला हवं ते एवढंच, की खात्याच्या दरात तो आयटम आपल्याला परवडतो का. बारा टक्के बिलो जावं की चार, हे रेट ॲनालिसिस सांगतं, नकाशा नाही. बी-टूमध्ये प्रत्येक आयटमचा दर आपण भरायचा, त्यामुळे ती गरज आणखी वाढते. आणि शेवटी महाटेंडर्सच्या पोर्टलवर चढवायची असते ती खात्याने दिलेली एक्सेलची बीओक्यू फाइलच; तिच्या ठरलेल्या रकान्यांबाहेर हात लावायचा नाही. म्हणून जे सॉफ्टवेअर आपली माहिती एक्सेलमध्ये स्वच्छ काढून देत नाही, ते सरकारी कामं करणाऱ्याने उंबऱ्यावरूनच परत पाठवावं.

खासगी बंगले बांधणाऱ्याचं याच्या उलट. त्याला परिमाणं कुणी काढून देत नाही. पायखुदाईपासून रंगापर्यंत प्रत्येक गोष्ट त्यानेच मोजायची, आणि मधे नकाशा बदलला की पुन्हा मोजायची. मोजण्याचा वेळ वाचवणारं साधन त्याला खरोखर उपयोगी पडतं. छोट्या बिल्डरचं तिसरंच दुखणं. महारेरात नोंदलेला प्रकल्प असेल तर ग्राहकांकडून आलेल्या पैशातली ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ती काढताना इंजिनिअरने फॉर्म २ मध्ये इमारतीचा अंदाजित खर्च व झालेला खर्च प्रमाणित करावा लागतो. त्याला एकदाच काढलेलं अंदाजपत्रक पुरत नाही. दर काही महिन्यांनी तेच अंदाजपत्रक झालेल्या खर्चाशेजारी ठेवून बघावं लागतं. आपण या तिघांपैकी कोण, किंवा कुणाचं किती मिश्रण, हे कागदावर लिहिल्याशिवाय डेमोला बसू नये.

आता एक्सेलकडे. बहुतेक फर्ममध्ये आज तेच चालतं आणि बहुतेकांना त्याची थोडी लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही, भीती मात्र वाटायला हवी. १९८६ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जेम्स ए. कमिंग्ज या बांधकाम कंपनीने थेट लोटस या सॉफ्टवेअर कंपनीवर दावा लावला होता. त्यांनी लोटसच्या सिम्फनी या वर्कशीटवर निविदा तयार केली, घाईत वरच्या बाजूला एक नवी ओळ घातली आणि ऑफिसखर्चाचे २,५४,००० डॉलर तिच्यात टाकले. बेरजेच्या सूत्राने ती ओळ धरलीच नाही. निविदा लागली, काम मिळालं, आणि तेवढी रक्कम अंगावर आली. दावा पुढे मागे घेतला गेला. गंमत अशी, की चाळीस वर्षांनंतरही आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत याच जातीची चूक होते: शेवटच्या आयटमखाली नवी ओळ घातली जाते आणि बेरीज जुन्याच ओळीपर्यंत थांबलेली असते. हवाई विद्यापीठातले रेमंड पँको यांनी वर्कशीटमधल्या चुकांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: मोठ्या वर्कशीटमध्ये चुका असणं हा नियम आहे, अपवाद नव्हे.

तरीही एक्सेल सोडायची घाई करू नये असं मी म्हणेन. मोजमाप पुस्तकात असतात तसेच रकाने पाडावेत: संख्या, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. मोजमापाचं पान वेगळं, दरांचं वेगळं, गोषवारा वेगळा. सूत्रांचे रकाने कुलूपबंद. एकच दर दोन ठिकाणी कधीही टाइप करायचा नाही; सिमेंटचा भाव एकाच घरात, बाकी सगळ्यांनी तिथूनच घ्यायचा. आणि गोषवाऱ्याची बेरीज दुसऱ्या एखाद्या मार्गाने पुन्हा करून दोन्ही जुळतात का ते बघायचं. एवढी शिस्त असली तर वर्षाला पाच-सहा बंगले करणाऱ्या फर्मला एक्सेल पुरतं. विकतच्या एक्सेलचे पैसे द्यायचे नसतील तर लिबरऑफिसचं कॅल्क फुकट आहे आणि या कामाला कुठेही कमी पडत नाही.

एक्सेल कमी पडतं ते दोन ठिकाणी: नकाशावरून मोजताना, आणि जुन्या कामांचे दर नव्या कामासाठी शोधताना. पहिली अडचण विकतच्या साधनाने सुटते. दुसरी सुटत नाही, आणि तीच मोठी आहे.

दुसरीबद्दल आधी बोलतो. आपल्याकडच्या देशी सॉफ्टवेअरांचा सगळ्यात मोठा दावा असतो तो तयार दरांचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दिल्ली दरसूची, महाराष्ट्राची राज्य दरसूची, गोव्याची जीएसआर, हे सगळं आत भरलेलं, आयटम निवडा की दर आला. केरळात तर तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी एनआयसीने प्राइस नावाची अंदाजपत्रकाची प्रणालीच उभी केली आहे. सरकारी अंदाजपत्रक बनवणाऱ्याला ही मोठी सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आयटमची लांबलचक इंग्रजी वर्णनं टाइप करण्याचा त्रास वाचतो आणि आयटम क्रमांक चुकत नाहीत.

पण ठेकेदार तोच दर स्वतःचा म्हणून वापरू लागला की घोटाळा सुरू होतो. दिल्लीच्या दरसूचीमागे दर पृथक्करणाचा स्वतंत्र ग्रंथ असतो आणि त्यात ठेकेदाराचा नफा व वरखर्च मिळून १५ टक्के आधीच धरलेले असतात. त्यावर पुन्हा आपला नफा चढवला तर भाव फुगतो आणि काम हातचं जातं. उलट, नफा आत आहे हे माहीत असलेला माणूस तोच आपला सगळा नफा समजून बसतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या गावात मजुरी वेगळी, खाणीचं अंतर वेगळं. लीड हा तर आपल्या डोंगरी तालुक्यांतला कळीचा शब्द. खडी, मुरूम किती किलोमीटरवरून येणार यावर दर हलतो. लीडचा तक्ता साइटनिहाय बदलता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर आजरा-चंदगडकडच्या कामाला पुण्याचा हिशेब लावून मोकळं होईल. दरात जीएसटी धरला आहे की नाही, हे दरसूचीच्या सुरुवातीच्या सर्वसाधारण सूचनांत लिहिलेलं असतं. ती पानं कुणी वाचत नाही. सॉफ्टवेअर घेतल्यावर तर ती डोळ्यांसमोरूनच जातात.

मग आपला दर कुठून आणायचा? दर म्हणजे साहित्य किती लागलं, मजूर किती दिवस राबले आणि त्या दोन्हींचा आजचा भाव काय. भाव एका फोनवर कळतो. लागलं किती, हे कळायला नोंद लागते. १:१.५:३ प्रमाणाच्या एम-२० काँक्रीटचं पुस्तकी गणित सगळ्यांना पाठ असतं: एका घनमीटरला ४०० किलोच्या आसपास सिमेंट, म्हणजे आठ गोण्या. साइटवर आठ लागल्या की साडेआठ, हे चलनं आणि ओतलेलं काँक्रीट यांचा मेळ घातला तरच दिसतं. गोणी फाटते, सकाळचं उरलेलं मिश्रण फेकावं लागतं, सेंटरिंगच्या फटींतून पाणी जातं, फुटिंगचा खड्डा नकाशापेक्षा मोठा खणला जातो आणि जास्तीचं पीसीसी मागतो. मजुरीचं तर याहून अवघड. भारतीय मानक ७२७२ हे कामाला लागणाऱ्या मजुरीच्या प्रमाणांचं मानक आहे. त्याचा पहिला भाग १९७४ सालचा आणि उत्तर विभागासाठी आहे. गिलावा करणारा नांदेडकडचा गवंडी २०२६ साली एका दिवसात किती ब्रास काढतो, हे त्यातून कळायचं नाही. ते तुमच्या मुकादमाच्या हजेरीवहीत आहे.

म्हणून माझी खरी शिफारस सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत पुरी झालेली तीन कामं घ्या. प्रत्येकाची सिमेंट, स्टील, विटा आणि क्रश सँड यांची चलनं काढा, हजेऱ्या काढा आणि प्रत्यक्ष झालेल्या मोजमापाने भागा. सात-आठ मोठ्या आयटमचा हिशेब पुरे: काँक्रीट, सेंटरिंग, स्टील, वीटकाम, गिलावा, फरशी, वॉटरप्रूफिंग, रंग. जुन्या चलनांच्या ढिगात बसायचं किचकट काम आहे, दोन रविवार जातील. पण हे आकडे हाती आल्यावर एक्सेलही शहाणं होतं. नसतील तर जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअरही तुमच्या अंदाजालाच दोन दशांश स्थळांपर्यंत छापून देईल.

आता नकाशावरून मोजणं. प्लॅनस्विफ्ट, ब्लूबीम रेव्हू, कॉस्टएक्स ही या प्रकारातली परदेशी नावं. पीडीएफ नकाशा उघडायचा, स्केल ठरवायचं, भिंतींवरून रेघ ओढायची, खोलीभोवती चौकट मारायची. लांबी आणि क्षेत्रफळ आपोआप. कॉस्टएक्स त्रिमितीय मॉडेलवरूनही मोजतं. बंगल्यांची कामं करणाऱ्याला यातलं काहीतरी नक्की घ्यावंसं वाटेल आणि मी अडवणार नाही. नकाशा बदलला की पुन्हा सगळं मोजायचं नाही, बदललेला भागच मोजायचा; आणि कोणती भिंत धरली, कोणती राहिली, हे रंगांनी समोर दिसतं. मालकाशी वाद झाला तर तो रंगवलेला नकाशा समोर ठेवता येतो. हा फायदा वेळ वाचण्यापेक्षाही मोठा आहे. मात्र पैसे टाकण्याआधी ऑफिसात ऑटोकॅड आधीच असेल तर त्यातली डेटा एक्स्ट्रॅक्शनची सोय बघा. आर्किटेक्टने दारं-खिडक्या ब्लॉक म्हणून टाकल्या असतील तर ती त्यांची यादी थेट तक्त्यात काढून देते. बऱ्याच ठिकाणी हे बटण पैसे भरूनही कुणी दाबलेलं नसतं.

इथे एक धोका आपल्याकडचा खास आहे. तालुक्याच्या गावी नकाशा येतो तो व्हॉट्सॲपवर, पुष्कळदा कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो. फोटो तिरपा असतो, कडा आत झुकलेल्या असतात, आणि त्यावर स्केल लावलं तर एका दिशेला बरोबर, दुसऱ्या दिशेला चूक. आणि दोन्ही दिशांना दोन-दोन टक्के फरक पडला की क्षेत्रफळात चार टक्के पडतो. म्हणून स्केल ठरवल्यावर आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांना लिहिलेलं एक-एक माप मोजून ताडून बघायचं. आणि आर्किटेक्टकडे मूळ फाइल मागायला संकोच करायचा नाही.

परदेशी सॉफ्टवेअरांची दुसरी अडचण मोजण्याच्या रीतीची. आपल्याकडे मोजमापाचा कायदा म्हणजे भारतीय मानक १२००. त्यातला गिलाव्याचा नियम घ्या. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा करायचा नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचं दार किंवा खिडकी दोन्ही बाजूंना गिलावा असला तरी एकाच बाजूने वजा करायची, कारण दुसरी बाजू चौकटीच्या कडा आणि वरचा-खालचा भाग करण्याच्या मेहनतीत गेली. तीनपेक्षा मोठी असेल तर दोन्हीकडून वजा, पण मग त्या कडा मोजून मिळवायच्या. नियम जुना आहे, पण बिगाऱ्याच्या घामाची जाण ठेवून बनवलेला आहे.

कोणत्याही डेमोत मी हेच गणित देईन. दहा मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा. तिच्यात एक मीटर बाय २.१ चं दार, दीड बाय १.२ ची खिडकी आणि साठ सेंटिमीटर चौरसाचा व्हेंटिलेटर. दोन्ही बाजू मिळून ६० चौरस मीटर. मानकाप्रमाणे दार आणि खिडकी एकदाच वजा, व्हेंटिलेटर नाहीच: उत्तर ५६.१. सगळं दोन्हीकडून कापून टाकणारं सॉफ्टवेअर ५१.४८ देतं. फरक ४.६२. अशा वीस भिंती असल्या तर ९२ चौरस मीटरहून जास्त, म्हणजे हजार चौरस फुटांना थोडे कमी. गवंड्याला तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या कामाची मजुरी देणार आणि मालकाकडे दहा ब्रास कमी मागणार. खासगी कामात करारात काय ठरलं तोच नियम, हे खरं. पण सॉफ्टवेअरमध्ये नियम बदलता यायला हवा, त्याचा नियम आपल्याला पाळावा लागता कामा नये.

दुसरी परीक्षा स्टीलची. बारा मिलिमीटरच्या, बारा मीटर लांबीच्या पन्नास सळ्या किती वजनाच्या? व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे साइटवरचा फिटरसुद्धा सांगतो: मीटरला ०.८८९ किलो, सळीला १०.६७, पन्नासांना ५३३. हे सगळीच सॉफ्टवेअरं बरोबर देतात. खरा प्रश्न पुढचा आहे: जोडाच्या ठिकाणचा लॅप, चेअर, बाइंडिंग वायर आणि कापून उरलेले तुकडे ते कुठे धरतात, आणि ते प्रमाण आपल्याला दिसतं का? दिसत नसेल तर त्या आकड्यावर मालाची ऑर्डर देऊ नका.

तिसरी परीक्षा ब्रासची. आपल्याकडे ब्रास दोन प्रकारचा. वाळू-खडी मोजताना १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. गिलावा-फरशी मोजताना १०० चौरस फूट. सरकारी बिल मीटरमध्ये, मालकाशी बोलणं फुटात, खडीवाल्याशी ब्रासमध्ये, हे तिन्ही एकाच दिवशी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण स्वतःचं एकक घालू शकत नाही, त्यात कुणीतरी एक दिवस ब्रासच्या जागी घनमीटर टाकेल. आणि मराठीत कोटेशन छापून बघा. साठीतल्या घरमालकाला मराठीतलं पत्रक दिलं की तो प्रत्येक आयटम वाचतो आणि पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात. पुष्कळ सॉफ्टवेअरं युनिकोड मराठी नीट दाखवतात. काहींच्या छापील पीडीएफमध्ये मात्र जोडाक्षरं फुटतात. जुन्या फॉण्टमधल्या दरसूचीतून वर्णन उचललं तर कचराच दिसतो. पाच मिनिटांची तपासणी आहे, ती आधी करा.

करांबद्दल थोडक्यात, पण हे टाळता येत नाही. सरकारी कामांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. त्याआधी निविदा भरलेल्या किती ठेकेदारांनी फरकासाठी खात्याचे खेटे घातले ते सर्वज्ञात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ वर आला. साहित्यासह काम घेऊन १८ टक्क्यांनी बिल करणाऱ्याला सिमेंटवरचा कर परत मिळतो, त्यामुळे त्याच्या खर्चात फारसा बदल नाही, फक्त अडकणारे पैसे कमी. कंपोझिशनमध्ये असलेल्याला कर परत मिळत नाही, त्याला तो खर्चच. स्वतंत्र घराचं निव्वळ मजुरीचं काम तर जीएसटीतूनच सूट असलेलं. एकाच फर्मकडे दोन प्रकारची कामं असतात. म्हणून मूळ भाव वेगळ्या रकान्यात, कर वेगळ्या रकान्यात आणि दोन्हींवर तारीख, एवढं ज्यात नाही ते सॉफ्टवेअर पुढच्या अर्थसंकल्पानंतर निरुपयोगी ठरेल. नफ्याचा रकानाही तपासा. खर्चावर दहा टक्के चढवले तर बिलाच्या रकमेत नफा ९.०९ टक्केच असतो. सॉफ्टवेअर कोणत्या अर्थाने दहा म्हणतं ते विचारून घ्या.

त्रिमितीय मॉडेल, म्हणजे बीआयएम, याचं फार कौतुक चालू आहे. रेव्हिटमध्ये इमारत नीट उभी केली तर काँक्रीटचं परिमाण तत्काळ मिळतं, खरं आहे. पण नीट उभी करणार कोण? आपल्या बहुतेक छोट्या कामांचा आर्किटेक्ट द्विमितीय नकाशाच देतो, आणि मॉडेलमध्ये जे काढलेलं नाही, जसं की गिलाव्याचा थर किंवा बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, ते मोजलंही जात नाही. शिकायची हौस असलेला मुलगा ऑफिसात असेल तर बॉन्साय हे मुक्त साधन त्याच्या हाती द्या, शिकू द्या; निविदा मात्र त्यावर भरू नका. ईआरपीतही पुण्याच्या सॉफ्टटेकच्या ऑप्टिकॉनसारखी देशी नावं आहेत, पण पाच साइटपर्यंत मी त्या वाटेला जाणार नाही; ती भरायलाच एक माणूस लागतो. दक्षिण आफ्रिकेतून आलेलं कँडी मोठ्या कंपन्यांसाठी. कृत्रिम बुद्धिमत्तेने नकाशा आपोआप मोजणारी साधनंही आली आहेत. आपले नकाशे, त्यांवर पेनाने केलेल्या दुरुस्त्या आणि कोपऱ्यातली दारं-खिडक्यांची यादी त्यांना किती उमजते, हे तुमच्याच तीन नकाशांवर बघा. विक्रेत्याच्या नकाशावर नको.

शेवटचा मुद्दा कराराचा, आणि तो लोक सगळ्यात शेवटी वाचतात. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये बहुतेक सॉफ्टवेअरांचे कायमचे परवाने विकणं थांबवलं, आणि आता बहुतेक सगळीकडे वर्षाचं भाडंच चालतं. भाडं थांबलं की पाच वर्षांपूर्वीच्या कामाचं अंदाजपत्रक उघडेल का? बिलाचा वाद तोवर कोर्टात उभा असू शकतो. हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. सगळी माहिती एक्सेलमध्ये काढता येते का, ते स्वतः करून बघा. साइटवर नेटवर्क नसताना ते चालतं का? आणि ते शिकणारा मुलगा वर्षभराने मोठ्या कंपनीत गेला तर दुसऱ्याला किती दिवसांत जमेल? छोट्या फर्ममध्ये सॉफ्टवेअर बंद पडतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. त्यातल्या दोषांची पाळीच येत नाही.

माझा निर्णय असा. बी-वनची कामं करणाऱ्याने काहीही विकत घेऊ नये. स्वतःच्या खपाची वही आणि शिस्तीचं एक्सेल. बंगले बांधणाऱ्याने त्याला जोडून नकाशावरून मोजणारं एखादं साधन घ्यावं, तेही एकाच संगणकाचं, एका वर्षासाठी. दरसूचीचं देशी सॉफ्टवेअर त्यानेच घ्यावं जो खात्यांसाठी किंवा सल्लागार म्हणून अंदाजपत्रकं बनवतो. छोट्या बिल्डरने आधी टॅलीत प्रत्येक इमारतीचं कॉस्ट सेंटर नीट उघडावं आणि मगच दुसऱ्या कशाकडे बघावं.

आणि डेमोला बोलावलंत तर विक्रेत्याला त्याचा देखणा बंगला उघडू देऊ नका. तुमचं गेल्या वर्षी पुरं झालेलं एक काम द्या, नकाशा द्या, दर द्या, आणि तुमच्यासमोर अंदाजपत्रक काढायला सांगा. लागलेल्या गोण्यांची, टनांची आणि हजेऱ्यांची बेरीज तोवर खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलेली असू द्या. ती त्याला शेवटी दाखवा.